होळकर संघ : एका हरवलेल्या नावाचा इतिहास

रणजी करंडकाच्या विजेत्यांची यादी वरून खाली वाचत गेले की १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत एक नाव चार वेळा येते आणि त्यानंतर पुन्हा कधीही येत नाही. ते नाव म्हणजे 'होळकर'. उपविजेत्यांचा रकाना पाहिला तर तेथेही हे नाव सहा वेळा आढळते. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत या संघाने दहा अंतिम सामने खेळले. मधला फक्त १९४८-४९ चा हंगाम अपवाद. चार विजेतेपदे आणि सहा उपविजेतेपदे मिळवणारा हा संघ अखेरचा अंतिम सामना खेळला आणि पुढच्याच हंगामात त्याचे नाव स्पर्धेतून नाहीसे झाले. दुबळा झालेला संघ हळूहळू विस्मरणात जातो, हे आपण समजू शकतो. अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेला संघ एकाएकी संपतो, ही घटना मात्र स्पष्टीकरण मागते. या लेखात आम्हाला ते स्पष्टीकरण शोधायचे आहे.

परभणीत बसून, तेही मराठीच्या अध्यापकांनी, इंदूरच्या क्रिकेट संघाविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याला आमच्याकडे दोन उत्तरे आहेत. पहिले असे की होळकर हे नाव या भागाला परके नाही. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केल्याचे येथे परंपरेने मानले जाते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. आमचा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. राज्य बदलले म्हणजे माणसांचे, संस्थांचे आणि त्यांच्या आठवणींचे काय होते, हा प्रश्न मराठवाड्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. होळकर संघाच्या इतिहासात आम्हाला हाच प्रश्न वेगळ्या वेशात भेटतो.

या इतिहासाची सुरुवात स्पर्धेच्याही आधी होते. १९२३ साली तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या निमंत्रणावरून नागपूरचा एक तरुण फलंदाज इंदूरला आला आणि संस्थानच्या फौजेत अधिकारी झाला. हा तरुण म्हणजे कोट्टारी कनकय्या, अर्थात सी. के. नायडू. १९२६ साली मुंबईच्या जिमखाना मैदानावर एम. सी. सी. विरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा काढून त्यांनी देशभर नाव मिळवले आणि १९३२ साली लॉर्ड्सवर भारताने पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा तेच कर्णधार होते. दरम्यान १९२६ साली बावला खून प्रकरणाच्या वादळात तुकोजीरावांना गादी सोडावी लागली आणि त्यांचे पुत्र यशवंतराव (दुसरे) राजे झाले. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, युरोपातल्या नव्या कलेची ओढ असलेला आणि एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेणारा हा राजा. रणजी करंडक १९३४-३५ साली सुरू झाला तेव्हा इंदूरचे खेळाडू 'मध्य हिंदुस्थान' या संघातून खेळत. १९४१-४२ पासून तो संघ 'होळकर' या नावाने मैदानात उतरला. म्हणजे प्रदेशाचे नाव जाऊन त्या जागी घराण्याचे नाव आले. हा बदल लक्षात ठेवावा. पुढे सगळे त्याच्याभोवती फिरणार आहे.

संघातली नावे मराठी वाचकाला ओळखीची वाटतील. चंदू सरवटे सागरचे, हिरालाल गायकवाड नागपूरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, खंडू रांगणेकर मुंबईचे. माधवसिंह जगदाळे आणि कमल भांडारकर हीही त्याच फळीतली नावे. यांच्याबरोबर इंदूरमध्येच जन्मलेले सय्यद मुश्ताक अली होते. परदेशात कसोटी शतक काढणारे ते पहिले भारतीय. १९३६ साली मँचेस्टरला त्यांनी ११२ धावा केल्या होत्या. कर्णधार तेलुगू घराण्यातला नागपूरकर, सलामीचा फलंदाज इंदूरचा मुसलमान, मधली फळी मराठी आणि एका हंगामात तर चक्क एक इंग्रज फलंदाज, अशी ही रचना होती.

या रचनेचे मोल कळण्यासाठी त्याच काळातल्या मुंबईकडे पाहावे लागते. तेथे लोकांची सर्वांत मोठी गर्दी खेचणारी स्पर्धा पंचरंगी सामन्यांची होती आणि त्यांतले संघ धर्मावर बेतलेले होते : हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपीय आणि शेष. नायडूंनी या सामन्यांत हिंदूंचे नेतृत्व केले, तर मुश्ताक अली मुसलमानांकडून खेळले. मुंबईत प्रतिस्पर्धी म्हणून उतरणारे हे दोघे इंदूरला परतले की एकाच संघात असत. १९४० साली गांधीजींनी या धर्मवार सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली होती आणि १९४५-४६ नंतर ते बंद झाले. ज्या दशकात देश धर्माच्या आधारावर फाटत होता त्याच दशकात एका संस्थानी संघात ही माणसे एका कर्णधाराच्या हाताखाली खेळत होती. हे कोणी जाणीवपूर्वक मांडलेले तत्त्वज्ञान होते असे आम्ही म्हणणार नाही. राजाला जिंकायचे होते आणि जिंकण्यासाठी चांगले खेळाडू हवे होते, इतके साधे कारणही पुरेसे आहे. पण परिणाम परिणामच असतो.

संघाच्या उत्कर्षाच्या काळातील तीन सामने येथे नोंदवणे आवश्यक आहे.

पहिला १९४४-४५ चा अंतिम सामना, मुंबईविरुद्ध मुंबईतच. महूच्या लष्करी छावणीत नेमणुकीवर असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळत होता. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या; विजय मर्चंट यांच्या २७८. जिंकण्यासाठी होळकरांपुढे ८६७ धावांचे लक्ष्य होते. त्यांनी हार न मानता ४९२ धावा उभारल्या. मुश्ताक अलींनी सामन्यात दोन शतके काढली आणि कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला. होळकर संघ ३७४ धावांनी हरला, पण सामन्यातील एकूण धावांची संख्या २०७८ झाली आणि तोपर्यंतच्या प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये इतक्या धावा कोणत्याही सामन्यात झाल्या नव्हत्या. कॉम्प्टनने पुढे सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेला बक्षीस देऊ करणारा इंदूरचा एक व्यापारी, धावांचा डोंगर वाढलेला पाहून, तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला निघून गेला होता!

दुसरा सामना १९४५-४६ च्या हंगामातला, इंदूरला म्हैसूरविरुद्धचा उपान्त्य सामना. होळकरांनी ८ गडी बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. त्या एका डावात सहा जणांनी शतके काढली : भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह. प्रथम श्रेणीच्या सामन्यात एका डावात सहा शतके त्यापूर्वी कधीही झाली नव्हती. नायडूंचे वय तेव्हा ५० वर्षांचे होते. त्यानंतरच्या अंतिम सामन्यात त्यांनी बडोद्याविरुद्ध २०० धावा केल्या, होळकर संघ ५६ धावांनी जिंकला आणि करंडक पहिल्यांदा इंदूरला आला. ९१२ ही रणजी करंडकातील सर्वोच्च धावसंख्या १९९४ पर्यंत टिकली. तो उच्चांक मोडला हैदराबादने, आंध्रविरुद्ध ६ बाद ९४४ धावा करून.

तिसरा सामना पराभवाचा, आणि तोही दारुण. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकरांच्या गोलंदाजीवर चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. कोणत्याही गड्यासाठीची ती विश्वविक्रमी भागीदारी ठरली आणि २००६ पर्यंत तशीच राहिली. बडोदा एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकला. १९४६, १९४७ आणि १९५० या तीन वर्षांतल्या अंतिम सामन्यांत होळकर आणि बडोदा समोरासमोर आले होते. अठराव्या शतकात पेशव्यांच्या झेंड्याखाली उत्तरेत आणि गुजरातेत गेलेल्या दोन मराठी घराण्यांच्या राजधान्या विसाव्या शतकाच्या मध्यावर एका करंडकासाठी लढत होत्या. मराठ्यांच्या इतिहासाचे इतके सौम्य आणि इतके दुर्लक्षित प्रकरण दुसरे नसेल.

हे सारे वर्णन करताना संस्थानी काळाविषयी गहिवरून जाण्याचा धोका असतो, आणि तो टाळला पाहिजे. होळकर संघ हा मुळात दरबाराचा संघ होता. खेळाडूंना संस्थानात नोकऱ्या मिळत, पदे मिळत. ज्या खजिन्यातून हा खर्च होई तो प्रजेच्या करांतून भरलेला होता आणि त्या प्रजेला त्या खर्चाविषयी मत देण्याचा अधिकार नव्हता. निजामाच्या राज्यात वाढलेल्या पिढ्यांचे वारस म्हणून आम्हाला हे विसरून चालणार नाही. शिवाय बाहेरून आणलेल्या तयार खेळाडूंवर उभा असलेला संघ आश्रयदाता गेला की कोसळेल, असा तर्क कोणीही करील. संघ संपण्याचे कारण म्हणूनही सहसा हेच सांगितले जाते : संस्थाने गेली, राजाश्रय गेला, संघ गेला.

पण तारखा या स्पष्टीकरणाला साथ देत नाहीत.

२८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची लहान संस्थाने एकत्र येऊन मध्य भारत राज्य अस्तित्वात आले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. होळकर संस्थान त्या दिवशी संपले. संघ मात्र संपला नाही. संस्थान गेल्यानंतरही त्याच नावाने तो सात हंगाम खेळला आणि त्यांतल्या सहा हंगामांत अंतिम फेरीत पोहोचला. चारपैकी दोन विजेतेपदे, १९५०-५१ चे गुजरातविरुद्धचे आणि १९५२-५३ चे बंगालविरुद्धचे, ही संस्थान विलीन झाल्यानंतरची आहेत. बंगालविरुद्धचा सामना कलकत्त्याला पहिल्या डावातील आघाडीवर जिंकला तेव्हा कर्णधार नायडू ५७ वर्षांचे होते. म्हणजे राजाश्रयाने संघ जन्माला घातला हे खरे, पण संघाने स्वतःची घडी बसवली होती आणि आश्रयाचा मूळ झरा आटल्यावरही ती बराच काळ विस्कटली नाही. नायडूंनंतरच्या दोन हंगामांतही संघ अंतिम फेरीत होता. १९५४-५५ चा अंतिम सामना इंदूरलाच झाला. मद्रासने तो ४६ धावांनी जिंकला. पुढच्या हंगामात, १९५५-५६ मध्ये, इंदूरचे खेळाडू 'मध्य भारत' या नावाने खेळले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत राज्यच मध्य प्रदेशात विलीन झाल्यावर १९५७-५८ पासून संघाचे नावही 'मध्य प्रदेश' झाले. तीन वर्षांत तीन नावे.

येथे तुलना उपयोगी पडते. बडोदा संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले. बडोदा संघ राहिला आणि २००० - ०१ साली त्याने पुन्हा करंडक जिंकला. सौराष्ट्र राज्य १९५६ साली संपले. सौराष्ट्र संघ आजही खेळतो आणि २०१९-२० व २०२२-२३ साली विजेता ठरला. हैदराबाद राज्य १९५६ साली तीन भागांत वाटले गेले, संघ राहिला. या संघाने १९३७-३८ साली पहिले विजेतेपद मिळवले तेव्हा परभणी हैदराबाद राज्यात होती. १९८६-८७ साली दुसरे मिळवले तेव्हा परभणीला महाराष्ट्रात येऊन एक पिढी उलटली होती. क्रिकेटचा नकाशा राजकीय नकाशाबरहुकूम बदललाच पाहिजे असा नियम कधीही नव्हता. आमच्याच राज्यात आजही मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत. मग होळकर संघालाच का जावे लागले?

आमचे म्हणणे असे की याचे उत्तर बऱ्याच अंशी नावात आहे. बडोदा हे शहर आहे, हैदराबाद हे शहर आहे, सौराष्ट्र हा प्रदेश आहे. राजे गेले तरी शहर जात नाही, प्रदेश जात नाही. तेथल्या रहिवाशांना ते नाव आपले म्हणून पुढे चालवता येते. 'होळकर' हे एका घराण्याचे नाव. प्रजासत्ताकात नागरिक झालेल्या इंदूरकराने स्वतःला होळकर म्हणवून कसे घ्यावे? त्यातच बडोदा ज्या मुंबई राज्यात गेला तेथे आधीपासूनच अनेक संघ नांदत होते, तर मध्य भारत हे नव्याने जुळवलेले राज्य होते आणि त्याला स्वतःची म्हणता येतील अशी चिन्हे हवी होती. १९४१ साली प्रदेशाचे नाव सोडून घराण्याचे नाव घेण्यात जो गौरव वाटला असेल, तोच चौदा वर्षांनी संघाच्या मुळावर आला. 'इंदूर' हे नाव घेतले असते तर कदाचित हा संघ आजही त्याच नावाने खेळत असता.

नाव गेले की वारसाही अडचणीत येतो. १९५४-५५ ला जिंकलेल्या मद्रासचेही नाव पुढे बदलले आणि तमिळनाडू झाले. पण ते विजेतेपद तमिळनाडूचे म्हणून बिनतक्रार मोजले जाते. १९८७-८८ चे त्यांचे दुसरे. त्याच अंतिम सामन्यात हरलेल्या संघाच्या चार विजेतेपदांचे मात्र असे झाले नाही. जून २०२२ मध्ये बंगळूरला मध्य प्रदेशाने मुंबईला ६ गडी राखून हरवले तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी त्याला मध्य प्रदेशाचे पहिले विजेतेपद म्हटले. काही याद्या होळकरांची चार विजेतेपदे मध्य प्रदेशाच्या खात्यात धरतात, काही वेगळी मांडतात. एका यादीनुसार इंदूरच्या क्रिकेटला ६९ वर्षांनी करंडक परत मिळाला, दुसरीनुसार तो पहिल्यांदाच मिळाला. मैदान तेच, शहर तेच, कित्येक घराणीही तीच. फरक फक्त हिशेब कोण मांडतो याचा.

इंदूर शहराने मात्र आपल्या परीने ही आठवण जपली आहे. तेथील उषाराजे मैदानाचे नामकरण २०१० साली 'होळकर स्टेडियम' असे झाले. संघाला न टिकवता आलेले नाव अखेर मैदानाला मिळाले. याच मैदानावर विदर्भाने जानेवारी २०१८ मध्ये दिल्लीला हरवून आपला पहिला रणजी करंडक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित पुढे मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ चे यश त्यांच्याच मार्गदर्शनाखाली आले. सी. के. नायडू १९२३ साली नागपूरहून इंदूरला गेले होते, याची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे वाङ्मयेतिहासाकडे. या इतिहासाची दखल मराठीत फारशी का घेतली गेली नाही? ग्वाल्हेरचे राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांचे बहुतेक आयुष्य आजच्या मध्य प्रदेशात गेले. तरी मराठी काव्याच्या इतिहासात त्यांना जागा देताना कोणी त्यांचा जिल्हा विचारला नाही. इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलने भरली. १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली ते परभणीत भरले, त्याच परंपरेचा भाग म्हणून. आमच्या बी. रघुनाथांचे निधन १९५३ साली झाले, तेव्हा परभणी हैदराबाद राज्यातच होती. त्यांनी महाराष्ट्र राज्य पाहिलेच नाही. म्हणून ते मराठी साहित्याच्या बाहेर गेले नाहीत. साहित्याने आपली सीमा भाषेवरून आखली. क्रीडेचा इतिहास मात्र आपण राज्याच्या सीमेवरून लिहितो. परिणामी निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध पुण्यात केलेल्या नाबाद ४४३ धावा सर्वांना पाठ असतात, आणि त्याच निंबाळकरांनी होळकरांकडून गाजवलेली वर्षे कोणाच्या ध्यानात नसतात. महाराष्ट्राच्या इतिहासाला हा संघ परप्रांतीय वाटतो, मध्य प्रदेशाच्या इतिहासाला तो संस्थानी वाटतो, आणि राष्ट्रीय इतिहासाला तो संख्याशास्त्राचा विषय वाटतो.

एखादी संस्था बंद पडणे हा तिच्या इतिहासाचा शेवट नसतो. तिला वारस न उरणे हा खरा शेवट. निजामी अमलाखाली येथे जे लिहिले, शिकवले, खेळले गेले त्यातले कितीतरी असेच बेवारस राहिले आहे, कारण ज्या राज्यात ते घडले ते राज्य उरले नाही आणि ज्या राज्यात आम्ही आलो त्याच्या दप्तरी त्याची नोंद नव्हती. होळकर संघाला निदान यादीतल्या दहा ओळी लाभल्या. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी बृहन्महाराष्ट्राचा सांस्कृतिक इतिहास लिहायला घेईल तेव्हा कविता, नाटक आणि संमेलने यांच्याबरोबर या अकरा खेळाडूंनाही त्यात एक प्रकरण मिळावे. त्यासाठी होळकरांच्या राज्याचा गौरव करण्याची गरज नाही. सरवटे, जगदाळे, मुश्ताक अली आणि नायडू ही माणसे एका मराठी गावात एकत्र खेळली आणि दहा वेळा देशाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेली, एवढे सरळ लिहिले तरी पुरे.